रोबोटचा हात: पीआयडी की कम्प्युटेड टॉर्क?

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत माल उचलून ठेवणारा रोबोटचा हात सावकाश चालवायचा असेल, तर पीआयडी ही साधी नियंत्रण-पद्धत पुरे. प्रत्येक सांधा हव्या त्या जागेपासून किती चुकला ते मोजायचं, त्यानुसार मोटरला जोर द्यायचा; शेजारच्या सांध्याशी घेणंदेणं नाही. गिअर १००:१ असला (मोटरचे शंभर फेरे, सांध्याचा एक) की ते खपूनही जातं, कारण भाराचं जडत्व मोटरला गिअरच्या वर्गाने, म्हणजे दहा हजार पटींनी कमी जाणवतं.

वेग वाढला की मात्र खांदा फिरताना कोपराला हिसका बसतो. कम्प्युटेड टॉर्क, म्हणजे हाताच्या गणिती मॉडेलवरून मोटरचा जोर काढायची पद्धत, ही ओढाताण, जडत्व, गुरुत्व आधीच हिशोबात धरते. पण वस्तुमानाचे आकडे चुकले की मार्ग ढळतो. शिवाय नागपूरच्या मे महिन्यात ग्रीस पातळ होऊन घर्षणही बदलतं.

कॉलेजातल्या पोरांना माझा आग्रह: आधी पीआयडीला फक्त गुरुत्वाची भरपाई, म्हणजे हाताचं वजन पेलण्यापुरता जोर, जोडा. आडवा धरलेला हात झुकायचा जवळजवळ थांबतो.