जमिनीखालची पाण्याची लाईन गळतेय: जोड मारायचा, नवी टाकायची की भिंतीवरून फिरवायची?

घरातला एकेक नळ घट्ट बंद आहे, फ्लशची टाकी भरून थांबलीय, आणि तरी मीटरच्या काचेखालची ती छोटी चक्री हळूहळू फिरतेच आहे. असं दिसलं की मीटरच्या पुढे कुठेतरी पाणी जातंय, हे नक्की. भिंतीवर ओल नाही, छतावर डाग नाही, म्हणजे ते मातीतच मुरतंय. मग प्लंबर येतो, अंगणाकडे बघतो आणि विचारतो, "काय करू, जोड मारू की लाईनच बदलू?" घाईत आपण "सध्या जोड मारा" म्हणतो, कारण ते स्वस्त वाटतं.

आमच्या साताऱ्याच्या घरी आम्ही दोन वर्षांत तीनदा जोड मारला. वडिलांनी १९९१ साली घर बांधताना मीटरपासून तळटाकीपर्यंत अर्धा इंची जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाईप टाकला होता. तिसऱ्या वेळी खड्ड्यात उतरलेल्या प्लंबरने पाना लावला आणि पाईप आट्यांपाशी बिस्किटासारखा तुटला. आतून गंजाच्या गाठींनी भोक इतकं बुजलं होतं की त्यातून पेन्सिलही जेमतेम गेली असती. वर्षानुवर्षं नळाला कमी पाणी येण्याचा दोष आम्ही नगरपालिकेला देत होतो, आणि खरं कारण आमच्याच अंगणात पुरलेलं होतं. तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी दोनच गोष्टी विचारतो: पाईप कशाचा आहे, आणि त्याच्यावर काय आहे?

माझं मत आधीच सांगतो. पाईप लोखंडी असेल आणि वीस-पंचवीस वर्षं जमिनीत असेल, तर जोड मारण्यात पैसे घालू नका. प्लास्टिकचा असेल आणि एकाच जागी फुटला असेल, तर जोड पुरेसा आहे. आणि पाईपवर चांगली फरशी, कोबा किंवा खोलीच बांधलेली असेल, तर जुनी लाईन तिथेच सोडून नवी वेगळ्या वाटेने न्या.

आधी कुठली लाईन गळतेय ते पाहा

बहुतेक घरांत जमिनीखाली एकाहून जास्त लाईनी असतात. मीटरपासून तळटाकीची, मोटरपासून वरच्या टाकीची, आणि कधी वरच्या टाकीतून बागेतल्या नळाची. चुकीची लाईन उकरली तर मजुरी वाया जाते, म्हणून ही तपासणी एक दिवस उशीर झाला तरी कराच.

मीटरची लाईन: नळाला पाणी आलेलं असताना टाकीजवळचा कॉक बंद करा आणि चक्री पाहा. फिरली तर गळती मीटर आणि टाकी यांच्या मध्ये आहे. वरच्या टाकीची उतरती लाईन: रात्री मोटर आणि सगळे नळ बंद करून टाकीत पाण्याच्या पातळीला पेन्सिलने खूण करा, सकाळी पाहा. हजार लिटरच्या गोल टाकीचा व्यास साधारण एक मीटर असतो, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली तर आठेक लिटर पाणी गेलं. दहा सेंटिमीटर उतरली असेल तर तो थेंब नाही, धार आहे.

कुठल्या लाईनीत गळती आहे यावरून घाई किती करायची तेही ठरतं. मिनिटाला एक लिटर गळणारी लाईन चोवीस तास दाबाखाली असेल तर दिवसाला १४४० लिटर जातात, महिन्याला ४३ हजार लिटर. तीच गळती नगरपालिकेच्या लाईनीवर असेल आणि पाणी दिवसाला दोन तासच येत असेल, तर दिवसाला १२० लिटर जातील. पाणी कमी जातं, पण हीच लाईन जास्त धोक्याची आहे. पाणी बंद झालं की पाईप रिकामा होतो, आत ओढ निर्माण होते, आणि त्याच भोकातून भोवतीचं चिखलपाणी आत येतं. शेजारून ड्रेनेज जात असेल तर कावीळ आणि गॅस्ट्रो घरात येण्याची वाट मोकळी झाली. नळ सुरू झाल्यावर पहिली पाच मिनिटं पाणी गढूळ किंवा वासाचं येत असेल तर कुठलाही पर्याय निवडेपर्यंत पिण्याचं पाणी उकळून घ्या. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर हे आजपासूनच.

ओल दिसते तिथेच पाईप फुटलेला असतो असं नाही. पाणी चराच्या उताराने, पाईपच्या अंगाने वाहत जातं आणि मऊ जागा सापडली की वर येतं. ओलीपासून चढाच्या बाजूला शोधा. रात्री रस्ता शांत झाला की लोखंडी सळईचं एक टोक पाईपला किंवा कॉकला टेकवून दुसरं कानाशी धरलं तर सुसू असा आवाज येतो. जुने प्लंबर असंच शोधायचे, आणि लोखंडी पाईपवर ही युक्ती आजही चालते. प्लास्टिकमधून आवाज फार लांब जात नाही. खड्ड्यात साचलेलं पाणी नळाचं की ड्रेनेजचं अशी शंका असेल तर ओ.टी. टेस्ट करून पाहा. ग्रामपंचायतीत पाण्यातलं क्लोरीन बघायला ज्या द्रावणाचे थेंब टाकतात तेच हे. पाणी पिवळं झालं तर ते नळाचं. रंग आला नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण मातीत क्लोरीन लवकर संपतं.

जोड मारणं

प्लास्टिकच्या लाईनीला जोड मारणं हे चांगलं आणि टिकाऊ काम आहे, फक्त ते कोरड्यात व्हायला हवं. यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकचा पाईप फुटला असेल तर खराब तुकडा कापून नवा बसवतात आणि दोन सॉकेट, म्हणजे दोन पाईप जोडणाऱ्या आखूड नळ्या, लागतात. जमिनीतला पाईप मागेपुढे सरकत नाही, म्हणून प्लंबर एका सॉकेटच्या आतली कड घासून काढतो, तो सॉकेट पूर्ण पाईपवर चढवतो आणि मग जोडावर ओढून घेतो. सोल्व्हंट, म्हणजे पाईप चिकटवायचं द्रावण, लावण्याआधी दोन्ही टोकं कोरड्या फडक्याने पुसलीच पाहिजेत. बहुतेक जोड फसतात ते इथेच: पाईपमधून थेंब थेंब पाणी येत असतं आणि तसंच सोल्व्हंट फासलं जातं. त्यासाठी लाईनीवरचा सगळ्यात खालचा नळ उघडा आणि पाणी पूर्ण उतरेपर्यंत थांबा. जोड बसवून अर्धा मिनिट दाबून धरायचा आणि त्या दिवशी पाणी सोडायचं नाही. प्लंबर म्हणेल तासाभरात सोडा. तुम्ही रात्र जाऊ द्या, शेजाऱ्याकडून दोन बादल्या आणा.

लोखंडी पाईपचं गणित वेगळं आहे. रबर लावलेला क्लॅम्प आवळला की एका भोकाची गळती थांबते, आणि बाकीचा पाईप तंदुरुस्त असेल तर वर्षानुवर्षं थांबते. पण जीआय पाईप जमिनीत गंजतो तो एका जागी गंजत नाही. आटे पाडताना तिथला जस्ताचा थर निघून जातो, म्हणून प्रत्येक सॉकेटपाशी गंज आधी धरतो, आणि वीस फुटांच्या लाईनीत असे चार-पाच सांधे सहज असतात. एक बंद केला, दाब वाढला, की पुढचा फुटतो. सोलापूर, मराठवाडा, विदर्भातल्या काळ्या मातीत त्यात भर पडते. ती उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळ्यात फुगते आणि पाईपला वर्षातून दोनदा पीळ देते. कोकणात खारी हवा आणि ओलसर जमीन लोखंडाला लवकर खाते.

सायकलची ट्यूब आणि तार, किंवा एम-सील, हे दोन दिवस निभावायला ठीक आहे. भाग कोरडा करूनच लावा, आणि त्याच्यावर माती लोटू नका. माती लोटली की आपण ते विसरतो.

नवी लाईन जमिनीखालून

इथे पाईप कुठला घ्यायचा यावर नीट विचार करा, कारण खर्चातला मोठा वाटा खोदाई आणि फरशी पुन्हा बसवण्याचा असतो. पाईपमध्ये वाचवलेले पैसे त्यापुढे किरकोळ.

जीआय पुन्हा टाकायचा असेल तर निळ्या पट्ट्याचा, मध्यम जाडीचा बी क्लास किंवा लाल पट्ट्याचा, जाड सी क्लास. पिवळ्या पट्ट्याचा पातळ ए क्लास जमिनीत नको. वरून गाडी जाते, उंदीर-घुशींचा त्रास आहे, अशा जागी लोखंडाचा मजबूतपणा उपयोगी पडतो. पण मी माझ्या घरी मातीत पुन्हा लोखंड टाकलं नाही.

यूपीव्हीसी गंजत नाही, आतून गुळगुळीत राहतो, प्रत्येक गावच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि कुठल्याही प्लंबरला लावता येतो. कमजोरी दोन: दर दहा किंवा वीस फुटांवर जोड, आणि टोकदार दगडाचा घाव. घरच्या प्लंबिंगचा शेड्युल ४० किंवा ८० घ्या (हा आकडा पाईपच्या भिंतीच्या जाडीचा). शेतीसाठी येणारा चार किलो दाबाचा राखाडी पाईप स्वस्त पडतो म्हणून काही जण तोच टाकतात. त्याची भिंत पातळ असते आणि तो अंगणात, पायाखाली, मोटरच्या झटक्याला टिकण्यासाठी नसतो. सीपीव्हीसी गरम पाण्यासाठी आहे. थंड पाण्याच्या पुरलेल्या लाईनीला त्याचे जादा पैसे देण्याचं कारण नाही.

एमडीपीई, म्हणजे अनेक शहरांत आता नळजोडणीसाठी वापरतात तो निळा, लवचिक पाईप. मीटर ते टाकी या अंतरासाठी मला हाच सगळ्यात योग्य वाटतो. तो गुंडाळीत येतो, दुकानदार मीटरवर मोजून कापून देतो, त्यामुळे चाळीस फुटांत मध्ये एकही जोड नाही. झाडाच्या मुळाला वळसा घालून जातो, काळ्या मातीची हालचाल सोसतो. खरेदी करताना एक चूक खूप होते: यावरचा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. अर्धा इंची जीआयच्या जागी २० मिमी, पाऊण इंचीच्या जागी २५ मिमी, एक इंचीच्या जागी ३२ मिमी. त्याचे कॉम्प्रेशन जोड मात्र सवयीच्या हातानेच लावायला हवेत. पाईप काटकोनात कापायचा, रबर रिंगच्या पुढे पूर्ण आत जाईपर्यंत ढकलायचा आणि नट हाताने आवळून वर थोडासाच पाना द्यायचा. गावात हे काम येणारा कुणी नसेल तर यूपीव्हीसीच घ्या. ओळखीच्या हाताने नीट केलेलं काम केव्हाही बरं.

चर बागेत दीड फूट, गाडी जाते तिथे अडीच-तीन फूट. तळाला तीन-चार इंच वाळू किंवा चाळलेली माती, पाईप ठेवून वर पुन्हा तेवढीच, मग उकरलेली माती. ड्रेनेजच्या लाईनीपासून लांब ठेवा, आणि ओलांडावी लागली तर पाण्याचा पाईप वरून न्या. भिंतीतून जातो तिथे मोठ्या पाईपचा तुकडा बाहीसारखा घाला.

भिंतीवरून

दिसायला बरं नाही एवढा एकच खरा आक्षेप, आणि तो रंगाने बराचसा मिटतो. खोदाई नाही, फरशी फुटत नाही, काम एका दिवसात होतं, आणि पुढे कधी गळलं तर डोळ्यांना दिसतं. घराच्या पोटाखालून, म्हणजे हॉल किंवा स्वयंपाकघराच्या फरशीखालून लाईन जात असेल तर मी दुसऱ्या कुठल्याही पर्यायाचा विचारच करणार नाही. इथे जीआयसुद्धा चांगला, कारण ओली माती त्याला लागत नाही. यूपीव्हीसी असेल तर ऊन लागून तो ठिसूळ होतो, म्हणून रंग द्या किंवा सावलीच्या भिंतीने न्या, आणि दर तीन फुटांवर क्लॅम्प मारा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात दुपारी अशा पाईपमधलं पाणी हात भाजेल इतकं तापतं, तेव्हा पश्चिमेची भिंत टाळा. जुन्या लाईनीची दोन्ही टोकं प्लग लावून बंद करा. नुसता कॉक बंद करून सोडली तर ती पुन्हा कुणीतरी उघडतं.

लोखंड काढून प्लास्टिक टाकताना

हा भाग कृपा करून वगळू नका. बऱ्याच जुन्या घरांत वायरमनने अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी पाईपला बांधलेली असते. तो पाईप काढून प्लास्टिक टाकलं की घराचं अर्थिंग गेलं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. दिवे लागतात, पंखे फिरतात. गीझर किंवा वॉशिंग मशीनमध्ये बिघाड झाला की मगच कळतं, ओल्या हाताला. मीटरजवळ आणि मोरीजवळ पाईपला तार गुंडाळलेली दिसली तर आधी वायरमनला बोलवून अर्थिंगचा वेगळा खड्डा करून घ्या, मगच पाईपला हात लावा.

कामाच्या दिवशी

मीटरच्या अलीकडे, म्हणजे रस्त्याकडच्या भागात गळती असेल तर आधी पाणीपुरवठा विभागात अर्ज द्या. रस्ता खोदायला परवानगी लागते आणि मुख्य लाईनीवरचं काम परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्यावं लागतं. मीटरच्या पुढचं तुमचं. प्लंबरशी बोलताना खोदाई, पाईप, फिटिंग आणि फरशी दुरुस्ती यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या. "सगळं मिळून" असा आकडा असेल तर फरशी हमखास राहून जाते. मीटरनंतर लगेच आणि टाकीआधी एकेक बॉल व्हॉल्व्ह बसवा. पुढच्या वेळी कुठली लाईन गळतेय ते पाच मिनिटांत कळेल.

चर त्याच दिवशी बुजवू देऊ नका. जोड वाळले की पाणी सोडा आणि प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा ठेवून रात्रभर दाब राहू द्या. कागदावर एक थेंब जरी पडला तरी सकाळी डाग दिसतो. मग टेप लावून कुंपणापासून आणि पायऱ्यांपासून पाईपचं अंतर मोजा, फोटो काढा, कागदावर साधा नकाशा काढा. आमच्या घरी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवलाय.