अमेरिकन टर्म पॉलिसी, लाभार्थी भारतात: घ्यावी, पण 'ओनर'चा रकाना बघून

अमेरिकेत नोकरी करणारी मराठी मंडळी साधी टर्म पॉलिसी घेतात आणि लाभार्थी म्हणून पुण्या-नाशकातल्या आई-वडिलांचं नाव घालतात. पॉलिसी म्हणून ती चांगलीच आहे. गडबड होते ती अर्ज भरताना.

लाभार्थी परदेशात आहे म्हणून इस्टेट टॅक्स वाढत नाही. हा कर मृताच्या मालमत्तेवर बसतो. अर्जात खरं महत्त्व 'ओनर' या रकान्याला आहे. विमा ज्याच्या आयुष्याचा, लाभार्थी बदलायचा किंवा पॉलिसी रद्द करायचा हक्कही त्याच्याकडेच असेल, तर पूर्ण रक्कम त्याच्या इस्टेटीत धरली जाते. २०२६ मध्ये केंद्राची सूट दीड कोटी डॉलर आहे, त्यामुळे बहुतेकांना तिथे झळ बसत नाही. राज्यं मात्र सोडत नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये सूट २० लाखांची, ऑरेगनमध्ये जेमतेम १० लाखांची. पोर्टलंडमधल्या अविवाहित माणसाचं कर्ज वजा जाता ७ लाखांचं घर आणि ५ लाखांची पॉलिसी असेल, तर वरच्या २ लाखांवर १० टक्के, म्हणजे साधारण २० हजार डॉलर कर.

उपाय पॉलिसी घेतानाच करावा. ओनर म्हणून दुसऱ्याचं नाव घाला (जोडीदार, सज्ञान मूल किंवा अपरिवर्तनीय, म्हणजे नंतर मागे घेता न येणारा, ट्रस्ट) आणि हप्ताही त्यांच्याच खात्यातून जाऊ द्या. मालकी नंतर बदलली आणि ३ वर्षांच्या आत मृत्यू झाला, तर रक्कम पुन्हा इस्टेटीत येते. 'आधी घेऊ, मग बघू' इथेच महागात पडतं. कंपनीकडून मिळणारा ग्रुप विमाही या हिशोबात येतो, हे अनेकांच्या लक्षातच राहत नाही.

इस्टेट दीड कोटींच्या वर असेल आणि पत्नी अमेरिकन नागरिक नसेल, तर जोडीदाराला मिळणारी अमर्याद वजावट (त्याच्या वाट्याच्या पूर्ण रकमेवर कर न लागण्याची सवलत) आपोआप मिळत नाही. तिच्या वाट्याचे पैसे 'क्यूडॉट' (QDOT) या, नागरिक नसलेल्या जोडीदारासाठीच्या खास ट्रस्टमध्ये घालावे लागतात. किमान एक ट्रस्टी अमेरिकन हवा. फॉर्म ७०६, म्हणजे इस्टेट टॅक्सचं विवरणपत्र, भरायची मुदत मृत्यूपासून ९ महिने आहे, ६ महिने वाढवून मिळते. विमा कंपनीकडून फॉर्म ७१२ (पॉलिसीच्या रकमेचा दाखला) मागून तो सोबत जोडावा लागतो.

कायमचे भारतात परतलेल्या, नागरिक नसलेल्या माणसाला मात्र ही पॉलिसी फारच सोयीची. त्याच्या आयुष्यावरच्या विम्याची रक्कम अमेरिकन इस्टेट टॅक्समध्ये धरलीच जात नाही. त्याच माणसाच्या अमेरिकन शेअरना सूट फक्त ६० हजार डॉलरची, आणि भारताशी इस्टेट टॅक्सचा करार नाही. भारतात इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच रद्द झाली.

क्लेमच्या वेळी भारतातल्या लाभार्थ्याने मृत्यूच्या दाखल्याच्या प्रमाणित प्रतीसोबत डब्ल्यू-८बेन (W-8BEN) फॉर्म, म्हणजे आपण अमेरिकेबाहेरचे करदाते असल्याचं निवेदन, द्यावा. मूळ रकमेवर आयकर नाही, पण मृत्यूनंतर पैसे मिळेपर्यंतच्या व्याजावर ३० टक्के कापले जातात. फॉर्मवर पॅन लिहून भारत-अमेरिका आयकर कराराचा दर मागितला तर १५ टक्के. डॉलरचा चेक भारतातल्या बँकेत वटायला फार रखडतो, म्हणून वायर ट्रान्सफर मिळेल का ते आधीच विचारा. अज्ञान मुलाचं नाव थेट घालू नका. कंपनी त्याच्या हातात पैसे देत नाही, आणि पालक नेमायला कोर्टात जावं लागू शकतं.