आर्बिट्रम, बेस की पॉलिगॉन? फास्ट तर तिन्ही आहेत, चावी कुणाकडे ते बघा

लेअर टू, म्हणजे इथेरियम या ब्लॉकचेनच्या आधाराने चालणारी फास्ट आणि स्वस्त चेन, घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, फास्ट कोणतं? पण वेगात आता फार अंतर राहिलेलं नाहीये. इथेरियमवर दर १२ सेकंदांनी ब्लॉक (व्यवहारांचा नवा गठ्ठा) येतो, आर्बिट्रम वनवर साधारण पाव सेकंदात, बेस आणि पॉलिगॉन पीओएसवर २ सेकंदांच्या आसपास, त्यात बेसवर जुलै २०२५ मध्ये फ्लॅशब्लॉक्स (ब्लॉक पुरा व्हायच्या आधीच मिळणारे त्याचे तुकडे) आले त्यामुळे कच्चं कन्फर्मेशन २०० मिलिसेकंदात मिळतं. रोजचे छोटे पेमेंट करायला तिन्ही झकास, आणि मार्च २०२४ च्या इथेरियमवरच्या डेनकन अपग्रेडनंतर रोलअप्सची (व्यवहार बाहेर करून डेटा इथेरियमवर टाकणाऱ्या आर्बिट्रम, बेससारख्या चेनची) फीसुद्धा धाडकन उतरली.

पण हे पाव सेकंद म्हणजे सिक्वेन्सरने (व्यवहार रांगेत लावून ब्लॉक बनवणाऱ्या यंत्रणेने) दिलेला शब्द आहे फक्त, पक्कं तेव्हाच होतं जेव्हा डेटा इथेरियमवर जातो आणि तिथे फायनल होतो, त्याला पुढे १३ मिनिटं तरी धरा. आणि आर्बिट्रम काय, बेस काय, दोघांकडेही सिक्वेन्सर चालवणारा आपापला एकेकच, बेसचा तर कॉइनबेस हे क्रिप्टो एक्स्चेंज स्वतः चालवतं. तो अडकला की सगळं ठप्प. १५ डिसेंबर २०२३ ला इन्स्क्रिप्शन्सची (व्यवहारातच मजकूर कोरून ठेवणाऱ्यांची) गर्दी झाली आणि आर्बिट्रम तासाभराहून जास्त बंद होतं, ५ ऑगस्ट २०२५ ला बेस अर्ध्या तासाच्या वर. लिनिया या आणखी एका रोलअपवर तर जून २०२४ मध्ये एक हॅक झाल्यावर टीमनेच ब्लॉक बनवणं थांबवलं. चोराला अडवायलाच केलं होतं ते, पण असं बटण कुणाच्या तरी हातात आहे हे मला तरी फार महत्त्वाचं वाटतं.

मग सिक्वेन्सरने तुमचं ट्रान्झॅक्शन घेतलंच नाही तर? इथे रोलअप कामाला येतात. इथेरियमवरून थेट ते आत ढकलता येतं, आर्बिट्रमवर २४ तास थांबावं लागतं, बेसवर १२. खोटा हिशोब चॅलेंज करायला आर्बिट्रमवर फेब्रुवारी २०२५ पासून बोल्ड ही पद्धत आहे, म्हणजे परवानगी न घेता कुणीही व्हॅलिडेटर (हिशोब तपासणारा) होऊ शकतो, बेसवर फॉल्ट प्रूफ (खोटा हिशोब पकडायची सोय) ऑक्टोबर २०२४ मध्येच आले. याची किंमत म्हणजे, चॅलेंजला वेळ मिळावा म्हणून, अधिकृत ब्रिजने (दोन चेनमध्ये पैसे नेण्याच्या वाटेने) इथेरियमवर पैसे काढायला आठवडाभर थांबा. आर्बिट्रमची १२ जणांची सिक्युरिटी कौन्सिल आहे, त्यातले ९ जण एक झाले तर तातडीने कोड बदलू शकतात, हेही धरून चला.

पॉलिगॉन पीओएस वेगळं प्रकरण आहे, लोक लेअर टू म्हणतात पण ती रोलअप नाही, शंभरच्या आसपास व्हॅलिडेटर (इथे स्टेक, म्हणजे टोकन तारण ठेवून ब्लॉक मंजूर करणारे) असलेली स्वतःची चेन आहे. एकाच सिक्वेन्सरवर अवलंबून नाही, पैसे काढायलाही आठवडा लागत नाही, पण दोन तृतीयांश स्टेकवाले फिरले तर इथेरियम तुम्हाला वाचवायला येणार नाही. (तिच्या जुन्या टेस्टनेटचं (चाचणीसाठीच्या चेनचं) नाव मुंबई होतं, आपल्याला बरं वाटायचं.) गडचिरोलीत एटापल्लीला २०२२ मध्ये जातीचे दाखले पॉलिगॉनवर नोंदवले ते मला पटतं, तिथे दाखला खरा की खोटा हे कुणालाही तपासता यावं एवढंच हवं होतं, कुणाची पुंजी अडकलेली नव्हती.

माझं मत विचाराल तर मोठी रक्कम बरेच महिने ठेवायची असेल तर आर्बिट्रम, रोजचे छोटे व्यवहार किंवा नवीन लोकांसाठी ॲप बनवताय तर बेस, आणि नुसत्या नोंदी ठेवायच्यात तर पॉलिगॉन. पण मोठी रक्कम टाकायच्या आधी थोडेसे पैसे त्या अधिकृत ब्रिजने इथेरियमवर परत काढून बघाच, आठवडा गेला तर जाऊ दे.