गंगावेशीचा दूध कट्टा: पाचपैकी दुधाला साडेतीन गुण, म्हशीला पाच

पाहुण्याला तांबडा-पांढरा रस्सा खाऊ घातला की कोल्हापूरकर त्याला पुढं दूध कट्ट्यावर नेतो. गवळी म्हशी रस्त्याकडेला आणून बांधतो, गिऱ्हाईकासमोर धार काढतो आणि फेसाळ पेला तिथल्या तिथं हातात देतो. बाकी शहरांना याचं अप्रूप वाटतं, आपल्याला ते रोजचं. पण रोजचं असूनही बहुतेक जण पेला रिकामा करून पाच मिनिटांत गाडीला किक मारतात. कट्ट्याची खरी मजा पेला हातात येण्याआधीच्या वेळात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात.

इथं दिसणाऱ्या म्हशींत पंढरपुरी ओळखायला सगळ्यात सोपी: तलवारीसारखी लांब शिंगं, मागं वळून थेट खांद्याच्या फऱ्यापर्यंत गेलेली. जागा बदलली, भोवती माणसं जमली तरी ही जात फारशी बिचकत नाही. दारोदार म्हैस फिरवून दूध घालायची जुनी रीत या जातीवर चालली ती त्यामुळंच.

म्हशीच्या कासेत दूध हंड्यासारखं भरून ठेवलेलं नसतं. सडाच्या वरच्या पोकळीत जेमतेम पाच टक्के असतं, बाकी सगळं वर बारीक पुटकुळ्यांत अडकलेलं. ते खाली यायला पान्हा सुटावा लागतो. म्हणून गवळी आधी पुढ्यात आंबोणाची पाटी सरकवतो, कास धुतो, सड हलक्या हातानं चोळत राहतो. दोन-तीन मिनिटं काहीच घडत नाही. मग सैल लोंबणारे सड टचटचीत भरतात, म्हैस रवंथ करता करता डोळे अर्धे मिटते आणि चरवीत पहिली धार वाजते. तेवढ्यात कुणी मोबाइलचा फ्लॅश मारला किंवा मागून हॉर्न वाजवला, की एरवी न बिचकणारी म्हैसही दचकते आणि दूध चोरते. गवळ्यानं कितीही गोंजारलं तरी मग तिच्या मनात येईल तेव्हाच. दिवसभर साहेबाची घाई, सिग्नलची घाई सोसून आलेल्या माणसानं ही दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहून बघावीत. इथं घाई करून उपयोगच नसतो, आणि डोकं शांत व्हायला तेवढं पुरतं. उभं राहायचं ते म्हशीच्या डोक्याच्या बाजूला, तिला आपण दिसू असं. मागच्या पायांजवळ नको.

गवळी कसा पारखायचा? सड धुऊन स्वच्छ फडक्यानं कोरडे करतो का, ते आधी बघा. नुसतं पाणी मारून ओल्या हातानं धार काढली की कासेवरचं घाण पाणी निथळत चरवीत उतरतं. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा तो बाजूला टाकतो का, हेही बघा. सडाच्या तोंडाशी साठलेले जंतू त्याच धारांत जास्त असतात. पेले एकाच बादलीत बुचकळून फिरत असतील तर घरचा तांब्या पुढं करा, कुणी नाही म्हणत नाही. आणि पान्ह्यासाठी सुई टोचताना दिसली तर सरळ पुढं चला. दूध वाढवायला जनावराला इंजेक्शन देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

पेल्यात दूध मापाला कमी भरतं, ही गिऱ्हाइकांची तक्रार मात्र रास्त आहे. उंचावरून मारलेल्या धारेनं फेस इतका येतो की पेला काठोकाठ दिसतो आणि दूध त्याच्या बरंच खाली असतं. एक-दोन मिनिटं थांबा, फेस बसू द्या, मग वर भरून मागा. घट्ट दूध हवं असेल तर कास रिकामी होत आल्यावरच्या धारा मागा. स्निग्धांश शेवटाला चढत जातो, पहिल्या धारांचं दूध त्यामानानं पातळ लागतं.

आता दुधाचा दीड गुण कापला तो कशासाठी. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा तापाचा आजार आणि जनावरांचा क्षय माणसाला होऊ शकतो. समोर काढलंय, कोमट आहे, म्हणजे शुद्ध आहे, हा समज चुकीचा. जंतूंना ती ऊब मानवतेच. गरोदर बाई, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारातून उठलेल्यांना इथलं दूध कच्चं देऊच नये. तालमीतली पोरं दोन-दोन पेले रिचवतात ते जोर-बैठकांच्या हिशोबावर. अडीचशे मिलीच्या पेल्यात साधारण १७ ग्रॅम फॅट जातं, खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला अर्धा पेला रग्गड. सगळ्यात चांगलं म्हणजे स्टीलच्या डब्यात घरी न्यावं आणि लगेच उतू येईपर्यंत तापवावं, मग मंद आचेवर ढवळत आणखी दोन-तीन मिनिटं. प्लॅस्टिक पिशवीत कोमट दूध कोंबून गावभर हिंडलं तर ते नासणारच, त्यात गवळ्याचा काय दोष?

जायचं कधी, हे म्हैसच ठरवते. दिवस लहान व्हायला लागले की ती माजावर येते, गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा, म्हणून बहुतेक म्हशी पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत व्यातात. खरवसाचा चीकही याच दिवसांत सहज मिळतो. थंडीत हिरवी वैरण, ताजं वेत आणि गार हवा एकत्र येतात, तेव्हा कट्टा ऐन भरात असतो. एप्रिल-मे महिन्यांत उलट. काळी कातडी, घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळं म्हैस उन्हानं लवकर हैराण होते, वैरण कमी खाते, कितीतरी भाकड झालेल्या असतात. तेव्हा दूध कमी मिळालं तर कुरकुरू नये.

आषाढातला बेंदूर बैलांचा, तसा दिवाळी पाडवा गवळ्याच्या म्हशीचा. शनिवार पेठेत, कसबा बावड्यात त्या दिवशी म्हशी निघतात: शिंगं रंगवलेली, अंगावरचे केस भादरून नक्षी काढलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, शिंगांना मोरपिसं, आणि मालकाच्या मोटरसायकलमागं त्या इमानानं पळत असतात. वर्षभर कट्ट्यावर जिची धार बघितली तीच म्हैस त्या थाटात ओळखता आली, तर पाहुणा कुठलाही असो, भाव तुमचाच वधारतो.

चारचाकी गंगावेशीत घालू नका. लांब लावून चालत या, सुटे पैसे आणि झाकणाचा डबा सोबत ठेवा. आणि गर्दीच्या तासाला न येता म्हशी नुकत्याच बांधल्या जात असताना या, पहिला पान्हा तेव्हाच बघायला मिळतो.