खाडीतल्या जिताड्यासाठी आवाज करणारा लूर: एक परीक्षण

रत्नागिरी परिसरात गरवण्याचे, म्हणजे गळाने मासे पकडण्याचे, सामान विकणाऱ्या दुकानांत सध्या प्लास्टिकचा एक लूर, म्हणजे माशाला फसवणारे कृत्रिम आमिष, सर्रास दिसतो. साधारण 11 सेंटिमीटर लांब, एरवी पाण्यावर तरंगणारा पण रीळ फिरवताच हातभर खाली बुडून डोलत येणारा, पोटात धातूच्या गोळ्या आणि खाली दोन तिहेरी गळ असलेला हा लूर 300 रुपयांच्या आसपास मिळतो. एकाच साच्यातला माल अनेक नावांच्या पाकिटांतून विकला जात असल्यामुळे येथे कोणत्याही एका नावाचा विचार केलेला नाही. पाकिटांवरचे दावे मात्र सारखेच असतात: गोळ्यांचा आवाज मासा लांबून ऐकतो, अतिनील रंगामुळे लूर गढूळ पाण्यातही चमकतो, त्याला माशाच्या अर्काचा वास दिलेला आहे आणि त्याची चाल जिवंत माशासारखी आहे. भाट्याच्या खाडीत जिताडा या शिकारी माशासाठी तो वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की चालीचा दावा खरा आहे, आवाजाचा अर्धाच खरा आहे आणि रंग व वास यांसाठी आपल्या पाण्यात एक रुपयाही जास्त देऊ नये.

चालीपासून सुरुवात करतो, कारण या लूरची खरी किंमत तिथेच आहे. माशाच्या दोन्ही कुशींवर कल्ल्यामागून शेपटीकडे जाणारी जी बारीक रेघ दिसते, ती पार्श्वरेषा. तिच्यातील केसांसारख्या सूक्ष्म संवेदक पेशी भोवतालच्या पाण्याची हालचाल टिपतात. ही हालचाल साधारण 200 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 200 कंपनांच्या, खालची असावी लागते आणि ती जाणवते फार तर माशाच्या एक-दोन लांबींइतक्या अंतरावरून. जिताड्याची पार्श्वरेषा तर शेपटीचा पर ओलांडून थेट त्याच्या काठापर्यंत जाते. पावसाचे लाल पाणी काजळी नदीतून खाडीत उतरते आणि वीतभर पुढचे दिसेनासे होते, तेव्हा भक्ष्याचा नेमका ठाव घेण्यात या इंद्रियाचा वाटा मोठा असतो. लूरच्या तोंडाशी असलेली पारदर्शक पट्टी पाणी कापताना त्याला डावी-उजवीकडे हलवते आणि त्यातून निघणारे मंद हेलकावे 200 हर्ट्झच्या खालच्या याच टप्प्यात बसतात. या लूरचा मोठा गुण असा की रीळ अगदी सावकाश गुंडाळले तरी त्याचे डोलणे थांबत नाही. स्वस्त लुरांपैकी बरेचसे मंद ओढीत लाकडासारखे सरळ येतात. वेगात ओढल्यास मात्र तो एका कुशीवर कलंडतो, म्हणून टोळ मासा किंवा सुरमईच्या मागे लागणाऱ्याने तो घेऊ नये. पार्श्वरेषेचा पल्ला इतका तोकडा असल्यामुळे चांगली चालही नेम चुकल्यावर वाया जाते. कांदळवनाच्या मुळांपासून किंवा पुलाच्या खांबापासून दोन हात दूर पडलेला लूर आडोशाला दबा धरून बसलेल्या माशाला कदाचित जाणवणारही नाही.

आवाजाचे गणित वेगळे आहे. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर वेगाने, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो, त्यामुळे गोळ्यांचा खडखडाट दूरवर पोहोचतो हे खरे. परंतु तो पोहोचणे आणि माशाने तो ऐकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. समुद्री माशांपैकी बहुतेकांचे श्रवण 1000 हर्ट्झच्या आतच संपते, आणि धातूच्या बारीक गोळ्यांच्या टकटकीचा बराचसा भाग त्याच्या वर असतो. शिंगाळ्याच्या गणातील माशांत हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत छोट्या हाडांची साखळी असते आणि त्यामुळे त्यांचे श्रवण अधिक तल्लख असते. पण शिंगाळा तळाशी मिशांनी चव घेत फिरणारा मासा, तो अशा लूरकडे फारसा वळत नाही. बारीक गोळ्या असलेल्या लूरपेक्षा एकच मोठी, जड गोळी असलेला आणि हलवल्यावर घुमणारा आवाज देणारा लूर मिळाला तर तो निवडावा. दुकानात कानाशी धरून हलवले की फरक लगेच कळतो.

अतिनील रंगाचा दावा मला सर्वांत खटकतो, कारण त्याच्यासाठी 80 ते 100 रुपये जास्त मोजावे लागतात. पालापाचोळ्याचा अंश विरघळलेल्या खाडीच्या पाण्यात अतिनील आणि निळा प्रकाश वरच्या थरातच शोषला जातो. खोलवर उतरतो तो हिरवट-पिवळा. शिवाय जिताडा शिकारीला निघतो तो बहुधा तिन्हीसांजेला आणि रात्री. त्याच्या डोळ्याच्या आत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असल्यामुळे बॅटरीच्या उजेडात त्याचे डोळे चमकतात, आणि अपुऱ्या उजेडात त्याला दिसते ती मुख्यतः आकृती. रंग ओळखणाऱ्या पेशी त्या वेळी निरुपयोगी होतात. खालून वर पाहणाऱ्या माशाला फिकट आभाळाच्या पार्श्वभूमीवर काळा लूर सर्वांत ठळक दिसतो, म्हणून संध्याकाळी तोच लावावा. दिवसा गढूळ पाण्यात पिवळट-हिरवा चालतो.

वासाबद्दल थोडक्यात. माशाचे नाक पाण्यात विरघळलेली अमिनो आम्ले टिपते, आणि या लूरला लावलेले तेल पाण्यात विरघळत नाही. वासाने मासा बोलवायचा असेल तर ताजी कोलंबी किंवा म्हाकूल गरीला लावावे, ते प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकावे आणि धुऊन पांढरे पडले की बदलावे.

लूरसोबत येणारे गळ ही या मालाची सर्वांत मोठी उणीव आहे. खाऱ्या पाण्यात ते लवकर गंजतात आणि मोठा मासा लागला की त्यांना जोडणारी कडी उलगडते. दोन्ही तिहेरी गळ काढून त्यांच्या जागी जाड तारेचा एकेकच गळ बसवावा आणि त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा. चालीत फारसा फरक पडत नाही. 2003 मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी रेनबो ट्राउट माशाच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजा ओळखणारे चेतातंतू असल्याचे दाखवले. तेव्हापासून माशाला काही जाणवत नाही असे म्हणणे कठीण झाले आहे, आणि सहा टोकांचा लूर त्याच्या तोंडात अडकवण्याचे समर्थन मला तरी करता येत नाही. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. हाताला लागलेला मोठा जिताडा त्यामुळे बहुधा मादीच असते आणि तिला सोडायचे ठरवल्यास एकेरी, काटा दाबलेला गळ क्षणात निघतो. बदली गळ आणि कड्या यांचा खर्च साधारण 60 रुपये येतो. लूर घेतानाच ते दोन्ही विकत घ्यावे.