कुटुंबांना ‘जोखीम स्कोअर’ देणारं सॉफ्टवेअर: इंदूरच्या वस्त्यांमधला अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या संस्थेत कुटुंबांच्या नोंदी एका सॉफ्टवेअरवर होतात. नाव देत नाही. अशी बरीच आली आहेत आणि माझं म्हणणं सगळ्यांनाच लागू आहे. मी मुसाखेडी भागात शाळा सुटलेल्या मुलांसाठी काम करते.

नोंदींपुरतं ते उत्तम आहे. रजिस्टरं धुंडाळणं संपलं, लस राहिलेल्या बाळाची आठवण वेळेवर येते, नेटवर्क नसलं तरी टॅबवर माहिती भरता येते.

अडचण आहे ती स्कोअरची. जोखीम किती, हे सांगणारा एक आकडा प्रत्येक घराला मिळतो आणि ठरावीक आकड्याच्या वर गेलेलं घर लाल यादीत जातं. आकडा कशानं वाढतो? समुपदेशनाच्या भेटी, हेल्पलाइनवरचे फोन, बदललेला पत्ता, तुटलेला संपर्क. नवऱ्याच्या दारूला कंटाळून एक बाई आपणहून आमच्याकडे यायची. तिच्या प्रत्येक येण्याची नोंद झाली आणि तिचं घर लाल झालं. विजयनगरातलं सुखवस्तू कुटुंब याच त्रासासाठी खाजगी समुपदेशकाकडे जातं. त्याची नोंद कुठेच नसते, म्हणून ते ‘सुरक्षित’!

झाबुआ-अलीराजपूर या आदिवासी जिल्ह्यांतून मजुरीला आलेल्या कुटुंबांचं तर विचारूच नका. ती पेरणीला गावी जातात, होळीआधी भगोरियाच्या जत्रेला जातात. आम्हाला हे पाठ आहे. सॉफ्टवेअरला मात्र त्यात ‘संपर्क तुटला’ एवढंच दिसतं. मग लाल यादीतल्या घरी आमच्या फेऱ्या वाढतात, त्या शेजाऱ्यांच्या नजरेत येतात, आणि त्या फेऱ्यांच्याही नोंदी होतातच.

हे काही आमच्यापुरतं नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ॲलेगेनी काउंटीत २०१६ पासून बालसंरक्षणाच्या तक्रारींना १ ते २० असा स्कोअर देतात. सरकारी सेवांवर अवलंबून असलेली गरीब घरंच त्या माहितीत जास्त सापडतात, हा त्यावरचा जुना आक्षेप आहे. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्ता घेणाऱ्या हजारो पालकांवर फसवणुकीचा खोटा ठपका आला. तिथल्या जोखीम ठरवणाऱ्या प्रणालीत नागरिकत्व हाही एक निकष होता. जानेवारी २०२१ मध्ये त्या प्रकरणावरून सरकारनं राजीनामा दिला.

संमतीचं पान आमच्या टॅबवर इंग्रजीत होतं. लोक विश्वासानं अंगठा टेकवत, कारण समोर ओळखीची दीदी असते. त्या विश्वासावर आपण काय घेतोय, हे त्यांना कळायलाच हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा, अशी तरतूद आहे. झाबुआ-अलीराजपूरकडची भिली भाषा त्या अनुसूचीतच नाही. म्हणून आता आम्ही भिली बोलणाऱ्या कार्यकर्तीकडून मजकूर समजावून सांगतो आणि मगच अंगठा घेतो. यात वेळ जातो, जाऊ दे.

संस्थांनी हे सॉफ्टवेअर घ्यावं, पण स्कोअर बंद करून. विकणाऱ्याला आधीच विचारा: आकडा कशावरून काढता? कुटुंबाला तो बघता येतो का? चूक असेल तर ते कुणाकडे दाद मागणार? काम संपल्यावर नोंद खरोखर पुसली जाते का? आम्हाला शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अजून लेखी मिळालेलं नाही. आमच्या आग्रहानंतर कार्यकर्त्यांच्या टॅबवरून स्कोअर काढला गेला, देणगीदारांच्या डॅशबोर्डवर तो अजून आहे. तिथूनही तो निघावा म्हणून आमचा पत्रव्यवहार चालू आहे.