बिनसाखरेचा खुराक

गेल्या पावसाळ्यात राजारामपुरीतील एका जिममध्ये मी संध्याकाळचा व्यायाम सुरू केला आणि सहा आठवड्यांत ६,७५० रुपये तर घालवलेच, शिवाय मधुमेह असलेल्या वडिलांच्या प्रकृतीशीही नकळत खेळ केला. तक्रारीचा निकाल अजून लागायचा असल्याने जिमचे नाव लिहीत नाही. परंतु असा माल विकणारे ते एकटेच असतील, असे मला वाटत नाही.

कोल्हापुरात ‘खुराक’ या शब्दाला मोठे वजन आहे. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींच्या गावात व्यायामानंतर काहीतरी खास खाल्ले पाहिजे, हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. आमच्या ट्रेनरने नेमके तेच हेरले होते. ‘‘साहेब, घाम गाळून घरी जाताय आणि भाकरी खाताय, मग अंगाला लागणार काय? पैलवानाला थंडाई, तसं तुम्हाला हे,’’ असे म्हणून त्याने सिरीयलची, म्हणजे दुधात घालून खायच्या धान्याच्या पोह्यांची, अर्धा किलोची चंदेरी पिशवी हातात दिली. तिच्यावर ‘संध्याकाळचे कार्ब (कर्बोदके) लोडिंग’, ‘साखर नाही’ आणि ‘सावकाश पचणारे’ असे ठळक छापलेले होते. किंमत ७५० रुपये. बिल नाही, पैसे ट्रेनरच्या खासगी नंबरवर. रोज रात्री जेवणापूर्वी १०० ग्रॅम सिरीयल दुधात घालून खायचे, असा त्याचा हुकूम होता. पाच दिवसांत एक पिशवी संपत असे.

पहिली शंका वडिलांना, म्हणजे आण्णांना आली. साखर नाही म्हणून मीच त्यांनाही नाश्त्याला वाटीभर देऊ लागलो होतो. ‘‘हे गोड लागतंय की रे,’’ असे ते दुसऱ्याच दिवशी म्हणाले, तेव्हा मी त्यांना पिशवीवरचा मजकूर वाचून दाखवला. आज त्या प्रसंगाची लाज वाटते. खाल्ल्यानंतर दोन तासांनी एरवी १६०-१७० च्या आसपास असणारी त्यांची साखर एका सकाळी २६८ आणि चार दिवसांनी २८१ भरली. डॉक्टरांनी गोळ्यांना हात लावण्याआधी आहारात नवीन काय आले, ते विचारले आणि पिशवी आणायला सांगितली.

पिशवीची मागची बाजू मी तोवर पाहिलीच नव्हती. तिथे चिकटवलेल्या कागदावर घटकपदार्थ म्हणून ‘धान्ये, कार्ब मिश्रण, स्वाद’ एवढेच होते. पाकीटबंद खाद्यपदार्थावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, पोषणमूल्यांच्या तक्त्यात एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगवेगळी दाखवावी लागते, उत्पादनाची तारीख आणि कमाल किरकोळ किंमत द्यावी लागते. यांपैकी तिथे काहीही नव्हते. अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक १४ अंकी असतो, या कागदावरचे अंक १३ भरले. ‘कार्ब मिश्रण’ म्हणजे काय, हे मला अजूनही कोणी सांगितलेले नाही. पण डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली : माल्टोडेक्स्ट्रिनसारखा, स्टार्चपासून केलेला पदार्थ साखरेच्या रकान्यात फारसा दिसत नाही, तरी रक्तातील साखर झपाट्याने वाढवतो, त्यामुळे मधुमेही माणसाने साखरेबरोबर एकूण कर्बोदकांचा आकडाही पाहिलाच पाहिजे.

मूठभर माल कागदात बांधून मी लक्ष्मीपुरीत गेलो. तिसऱ्या दुकानातील मालकांनी दोन दाणे तोंडात टाकले आणि पोत्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘ह्यो आमचाच माल की. पाक चढवलेलं मक्याचं पोहं, २४० रुपये किलो. जिमवालं पोतं उचलत्यात.’’ म्हणजे २४० चा माल मी १,५०० रुपये किलोने घेत होतो.

पैशांपेक्षाही मला जास्त लागले ते हे, की मुळात ही गरजच माझ्या गळ्यात बांधली गेली होती. कार्ब लोडिंग ही खरी पद्धत आहे, पण ती दीड तासाहून अधिक चालणाऱ्या धावण्या-सायकलिंगच्या स्पर्धांसाठी. त्यात स्पर्धेच्या आधीचे एक ते तीन दिवस शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला १० ते १२ ग्रॅम कर्बोदके घेऊन स्नायूंतील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या कर्बोदकांचा साठा भरतात. रोज तासभर वजने उचलून नंतर खुर्चीत बसणाऱ्या माझ्यासारख्याच्या स्नायूंत तेवढी तूट पडतच नाही आणि जी पडते ती पुढच्या संध्याकाळपर्यंत भात-भाकरीच्या साध्या जेवणातून भरून निघते. ‘सावकाश पचणारे’ हा दावा तर उफराटाच होता, कारण साध्या कॉर्नफ्लेक्सचाही ग्लायसेमिक इंडेक्स (अन्न रक्तातील साखर किती झपाट्याने वाढवते ते सांगणारा आकडा) ८० च्या आसपास, म्हणजे घरच्या साखरेपेक्षा जास्त असतो. दिवसातून दोनदा कसून मेहनत करणाऱ्या खेळाडूला असे लवकर पचणारे अन्न उपयोगी पडते, हे मान्य. मात्र माझे त्या सहा आठवड्यांत तीन किलो वजन वाढले आणि ट्रेनर त्याला ‘मास’ म्हणत राहिला.

जाब विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘बिल दाखवा.’’ ते नव्हतेच. तेव्हा नऊ वेळा भरलेल्या रकमांच्या मोबाइलवरील नोंदी, मागच्या कागदाचे फोटो आणि आण्णांच्या तपासण्या जोडून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज दिला. ग्राहकाला स्वतः घेतलेल्या पदार्थाचे शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पृथक्करण करून घेता येते, पण तसा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो, हे तिथे समजले. ते मी अर्थातच केलेले नव्हते. नववी पिशवी मात्र न उघडता कपाटात ठेवली आहे. आण्णांची साखर तीन आठवड्यांत १७० च्या खाली आली. त्यांच्या नाश्त्याला आता काय द्यायचे, हे आई ठरवते.